मोठमायचं मत

आमच्या रिठदला त्या हिवाळ्यात मतं आली. लोक असंच म्हणत. पटकी आली, टोळ आले, मोजणीवाला आला, तशी मतं आली. नागपूरच्या कौन्सिलात आमच्या भागाचा एक माणूस बसवायचा होता, आणि त्यासाठी कितीतरी गावं मिळून एक हलका, म्हणजे मतदारसंघ, केला होता. त्यात रिठद होतं, केनवड होतं, आणि ज्यांच्याशी आमची कधी सोयरीकही झाली नव्हती अशीही गावं होती. एकाच हलक्यात असणं म्हणजे काय, हे कुणाला नीट कळलं नव्हतं. पण सगळ्यांना मत नव्हतं, एवढं मात्र पहिल्याच दिवशी कळलं. ज्याच्या नावावर ठरावीक सारा बसतो तो, जो शिकलेला तो, आणि मोजक्या काही बायका. आमचा सालदार तुकाराम जन्मभर आमच्या वावरात राबला, पण त्याचं नाव यादीत नव्हतं. तो बाबांना म्हणाला, "मंग मी कोनच्या हलक्यातला, भाऊ?" बाबा हसले. मीही हसले. त्या वेळी मला तो विनोद वाटला होता.

मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असेन. आई मला आठवत नाही; धाकट्या भावाच्या बाळंतपणातच ती गेली. आम्हा दोघांना वाढवलं ते मोठमायनं. मोठमाय म्हणजे माझी थोरली काकू, भागीरथी. बाबांच्या मोठ्या भावाची बायको. ते मोठेबाबा मी पाळण्यात असतानाच गेले. जाण्याआधी दोघा भावांच्या वाटण्या झालेल्या होत्या. विहिरीचं वावर मोठेबाबांच्या वाट्याला आलं होतं आणि त्यांच्यामागं ते मोठमायच्या नावावर लागलं. पण चूल एकच राहिली, वावर बाबाच करत, आणि पेरणीपासून खळ्यापर्यंत सगळे 'भाऊचं वावर' म्हणत. मोठमायही 'भाऊजीचं वावर' म्हणे. घरात ती विषय काढत नसे आणि बाबा काढू देत नसत. आम्ही त्याला सलोखा समजत होतो.

मोठमायच्या आठवणी म्हणजे पहाटेच्या जात्याच्या आठवणी. ती ओव्या म्हणत नसे, नुसती गुणगुणे, आणि त्या गुणगुणण्याच्या तालावर मी पुन्हा झोपी जाई. हिवाळ्यात ती तुरीच्या हिरव्या शेंगा सोलून सोल्यांची भाजी करी. आधी सोले तव्यावर परते, मग पाट्यावर ओबडधोबड वाटून लसणाच्या फोडणीत टाकी, आणि त्याचा वास सुटला की शेजारची गिरजाकाकू भिंतीवरून वाटी पुढं करी. "माय वो, माह्या घरी बी तूरच हाये, पन थे अशी बोलत नाई!" म्हणे. मोठमाय तिच्या वाटीत दोन पळ्या घाली आणि म्हणे, "तूर नाई बोलत, तुहा लसून मुका हाये." ज्वारीची भाकर ती इतकी पातळ थापी की उजेडाला धरली तर पलीकडची चूल दिसेल. मी आयुष्यात पुष्कळ भाकरी खाल्ल्या, मास्तरणीच्या नोकरीत गावोगाव खाल्ल्या. तशी भाकर मिळाली नाही हे खरं. पण हे लिहिताना मला हेही माहीत आहे, की मी भाकरीबद्दल लिहीत बसले आहे, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही.

मोठेबाबांचं नाव मारोती. आता नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नाही, ही रीत सगळीकडचीच. पण मारोती म्हटलं की गावातला देवही आला. त्यामुळे मोठमायनं देवाचंही नाव सोडलं होतं. ती त्याला 'पारावरचा देव' म्हणे. "पारावरच्या देवाले तेल वाहून ये," असं ती दर शनिवारी मला सांगे. लहानपणी मी मुद्दाम विचारी, "कोनता देव, मोठमाय?" ती म्हणे, "थोच, शेपटीवाला." मी म्हणे, "शेपूट तर आपल्या बैलालेही हाये." मग ती लाटणं उगारी आणि मी पळे. नवरा जाऊन इतकी वर्षं झाली तरी तिनं ते नाव ओठांवर आणलं नाही. विधवेला तर उखाण्यातून घेण्याचीही वाट उरत नाही. नाव नुसतं आत राहतं.

यादी चावडीत वाचली गेली तेव्हा आम्ही दोघी गोठ्यात होतो. गोठ्याची मागची भिंत चावडीला लागूनच होती, तिकडचं सगळं इकडे ऐकू येई. पटवारी एकसुरात नावं वाचत होता. बाबांचं नाव आलं, माणसं 'हाव, हाव' म्हणाली. मग तो वाचून गेला, "भागीरथी, बेवा मारोती."

मग कुणीतरी विचारलं, "हे कोन?"

म्हातारा सदाशिवबुवा खोकत म्हणाला, "अरे, थे भाऊची वयनी होय. विहिरीच्या वावराची मालकीन."

"मालकीन?" दुसऱ्यानं गंमत धरली. "काहून भाऊ, तुमी तर म्हणत होते का वावर तुमचं. मंग तुमी काय वयनीचे बटईदार हा का?"

चावडी हसली. मोठमाय शेण भरत होती, ती तशीच वाकलेली राहिली. मग पाटी माझ्या डोक्यावर देताना तिनं हळूच विचारलं, "माहं नाव सरकारनं लिवलं?" मी म्हटलं, "हाव. भागीरथी." ती म्हणाली, "पुरं लिवलं?" मी म्हटलं, "पुरं." त्या दिवशी तिनं पुरणाशिवायच सण केल्यासारखा स्वयंपाक केला.

मत कसं टाकायचं याची तालीम आम्ही चुलीपुढं केली. उभे दोघं होते, एक वकील आणि एक देशमुख. वकिलाची पेटी हिरवी, देशमुखांची पिवळी, असं ऐकलं होतं. मी दोन डबे मांडले, एकाला कडुनिंबाचा पाला लावला, दुसऱ्याला हळद. मी साहेब झाले. मोठमाय डोईवरचा पदर सारखा करून दारातून आत आली, माझ्या पुढं उभी राहिली. "नाव?" मी आवाज जाड करून विचारलं. "भागीरथी." "गाव?" "रिठद." "नवऱ्याचं नाव?" ती पदराआड हसू लागली. "थे तू सांगजो."

"मी कशी सांगू? मी साहेब हाव."

"तिकडे तू साहेब थोडीच राह्यशीन? तू तर बायकायले ओळखाले बसनार हायेस ना?"

ते खरं होतं. केनवडच्या शाळेत मतं घ्यायची होती आणि अकोल्याहून येणाऱ्या साहेबांशी आमच्या बायका बोलणार नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गावच्या बाया ओळखून सांगायला एक शिकलेली मुलगी हवी होती. रिठदात सातवी झालेली मी एकटीच होते.

"सांगशीन ना?" तिनं पुन्हा विचारलं. "बाकीचं समदं मी बोलीन. तेवढं एक तू."

"हाव, सांगीन."

मग तिनं तुरीचा एक दाणा घेतला, माझ्याकडे पाठ केली, आणि कुठल्यातरी डब्यात टाकला. मी डबे उघडायला गेले तर माझ्या हातावर चापट बसली. "थे कायले पाह्यतं? साहेबही पाह्यत नाई म्हंते." ती कोणत्या पेटीत मत टाकणार होती हे मला तेव्हा कळलं नाही, आणि पुढंही कधी कळलं नाही.

बाबा वाईट माणूस नव्हते. मी मुलगी म्हणून हे लिहीत नाही. त्या काळात पंधरा-सोळा वर्षांची मुलगी बिनलग्नाची घरात ठेवून तिला सातवीपर्यंत शिकवणारा बाप आमच्या बाजूला दुसरा नव्हता. अमरावतीला मास्तरणी तयार करण्याची शाळा होती, तिथं मला पाठवायचं त्यांच्या मनात होतं आणि त्यावरून सोयऱ्यांची बोलणीही ते खात होते. मतांच्या आदल्या दिवशी ते वाशीमच्या बाजारातून एक पत्र्याची ट्रंक घेऊन आले. निळी, झाकणावर गुलाबाची फुलं. माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाले, "अमरावतीले हेच नेजो." मी झाकण उघडून आत तोंड घातलं, त्या नव्या रंगाचा वास घेतला. बाबा उंबऱ्यावर बसले होते. सुपारी कातरत, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "उद्या वयनी येईन तिथं. साहेब तुले इचारन."

मी म्हटलं, "हाव, मी सांगनार हाव."

"नको सांगू."

मी ट्रंकेतून डोकं काढलं.

"खोटं बोल असं नाई म्हनत मी. चूप राह्यजो फक्त. चावडीत माही गोष्ट झाली, तुले मालूम हाये. उद्या साऱ्या हलक्यापुढं तिनं मालकीन म्हनून ठप्पा घेतला, तर मी कोन राह्यलो? परवा तिचा भाऊ कामरगावाहून येईन अन म्हनन, वावर द्या." त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "एकडाव तिथं नाई झालं का मंग झालं. सायबाच्या कागदापुढं कोन जाते?"

आता, इतक्या वर्षांनी, निवडणुकीच्या कामांत केस पिकवल्यावर मला ठाऊक आहे, की मताच्या यादीचा आणि वावराच्या खात्याचा असा काहीच संबंध नव्हता. तिला त्या दिवशी मत मिळालं काय आणि न मिळालं काय, वावर तिचंच राहिलं असतं. पण हे बाबांना ठाऊक नव्हतं, मोठमायला नव्हतं, आणि रिठदात कुणालाच नव्हतं. साहेबानं सगळ्यांपुढं नाव घेऊन 'ही ती नव्हे' म्हटलं, की ती ती नव्हेच, असंच आम्ही सगळे समजत होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दमणीतून केनवडला गेलो. सकाळची थंडी होती, रस्त्यानं हरभऱ्याची आंब अंगाला लागत होती. मोठमायनं आपलं एकुलतं चांगलं लुगडं नेसलं होतं आणि मांडीवर फडक्यात भाकरी बांधून घेतल्या होत्या. वाटेत पारावरच्या देवाला तिनं दमणीतूनच हात जोडले. केनवडला तर जत्राच भरली होती. शाळेच्या पटांगणात दमण्या सुटलेल्या, बैल कडबा खात उभे, एका झाडाखाली वकिलाची माणसं चिवडा वाटत होती, दुसऱ्या झाडाखाली देशमुखांची माणसं गुळाचा चहा. बहुतेक लोक दोन्ही झाडांखाली जाऊन येत होते.

बायकांची खोली वेगळी होती. दारावर सतरंजी टांगली होती. अकोल्याचे साहेब मऊ बोलणारे, चष्मेवाले गृहस्थ होते. ते यादी पुढं घेऊन बसले, आणि त्यांच्या बाजूला बाकावर मी. पहिल्याच बाईपाशी गाडी अडली. साहेबांनी नवऱ्याचं नाव विचारलं, तर ती लाजून भिंतीकडे वळली. दुसरी होती आमची गिरजाकाकू. तिनं पदर खोचला आणि सगळ्यांपुढं खणखणीत आवाजात म्हणाली,

"चुलीवर दूध, दुधावर साय,
सखारामाचं नाव घेते, आता पेटी दावता काय?"

खोली हसून हसून लोटपोट झाली. साहेब म्हणाले, "बाई, नुसतं नाव सांगितलं तरी चालेल." गिरजाकाकू म्हणाली, "नुसतं कसं घेऊ? माह्या मालकाचं नाव का उघडं फिरते?" मग काय, रांगेतल्या प्रत्येकीनं उखाणा घेतला. साहेबांनी हात टेकले आणि कान देऊन प्रत्येक उखाण्यातून नवऱ्याचं नाव वेचून यादीवर खूण करत बसले. जिला उखाणा सुचत नव्हता तिच्यासाठी मी नाव सांगत होते. मला फार मजा येत होती. आपण कुणीतरी आहोत असं वाटत होतं.

मग सतरंजी बाजूला करून मोठमाय आत आली.

"नाव?" "भागीरथी." "गाव?" "रिठद." तालमीत ठरल्याप्रमाणे ती ताठ उभी होती. "नवऱ्याचं नाव?"

तिनं माझ्याकडे बघितलं. हसली थोडीशी, चुलीपुढं हसली होती तशीच.

सतरंजीच्या फटीतून मला बाहेर बाबांची पगडी दिसत होती. ते आत बघत नव्हते. पाठमोरे होते.

साहेब माझ्याकडे वळले. "या बाईंना ओळखता का?" मी खाली बघत राहिले. बाकाच्या फळीवर कुण्या पोरानं खिळ्यानं एक घोडा कोरला होता, त्या घोड्याचे पाय मी मोजले. साहेबांनी पुन्हा विचारलं, "भागीरथी, मारोतीची विधवा. ह्या त्याच का?"

बाबांनी मला फक्त गप्प राहायला सांगितलं होतं. हे मला आज स्पष्ट लिहायचं आहे, कारण आजवर मी स्वतःशी सगळा भार त्यांच्यावर टाकत आले. गप्प राहिले असते तर कदाचित साहेबांनी रांगेतल्या दुसऱ्या बाईला विचारलं असतं. मी मान हलवली. नाही म्हणून. आणि तोंडानं म्हटलंही, "मी नाई ओळखत."

गिरजाकाकू मत टाकून बाहेर गेली होती, आणि रांगेत मागे होत्या त्यांचे नवरे बाबांकडून बियाणं घेणारे. कुणी बोललं नाही. मोठमायचे ओठ हलले. मला वाटलं, आता ती नाव घेईल. तीनच तर अक्षरं होती. गावोगाव पारावर शेंदूर लावून बसलेलं नाव, जे शेंबडं पोरही सांगेल. पण ते बाहेर आलं नाही. तिनं साहेबांकडे बघितलं आणि म्हणाली, "राहू द्या, सायेब. पोट्टी लहान हाये. भेली असन." आणि सतरंजी उचलून ती बाहेर गेली.

परतताना दमणी तीच होती. बाबा पुढं तुकारामाजवळ बसले, मी आणि मोठमाय मागं. ओढ्यापाशी बैलांना पाणी पाजायला दमणी थांबली तेव्हा तिनं फडकं सोडलं. भाकरीवर सोल्यांची भाजी घालून माझ्या हातात दिली. "खाय. सकाळपासून बसली तू." मी खाल्ली. हेही लिहायलाच हवं. मला भूक लागली होती, आणि मी ती सगळी भाकर खाल्ली.

त्यानंतर घरात मोठं भांडण झालं नाही. आठ-दहा दिवसांनी तिचा भाऊ कामरगावाहून आला आणि ती त्याच्याबरोबर कायमची माहेरी गेली. निघताना बाबांना म्हणाली, "भाऊजी, सायबापुढंच नाई झालं, तर मी तरी कोन?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला ते खरंच वाटत होतं. मला जवळ घेऊन म्हणाली, "शनवारी तेल वाहत जाजो." उन्हाळा संपल्यावर मी निळी ट्रंक घेऊन अमरावतीला गेले. मास्तरीण झाले. आज जे काही आहे ते सगळं त्या ट्रंकेतून आलं.

स्वराज्य आल्यावर सगळ्यांची नावं यादीत घालायची ठरली, सारा भरो न भरो, तुकारामाचंसुद्धा. माझी बदली तेव्हा कारंज्याकडे झाली होती आणि घरोघर जाऊन नावं लिहिण्याचं काम मास्तरांवर आलं. माझ्या वाट्याला कामरगावची एक गल्ली आली. मी ती बदलून मागू शकले असते. दोन दिवस ती गल्ली मी शेवटाला ठेवली. तिसऱ्या दिवशी गेले तर मोठमाय ओसरीवर शेंगा सोलत बसली होती. म्हातारी झाली होती, पण बोटं तशीच चपळ. भाऊ, भावजय, शेजारची दोन माणसं ओसरीतच होती. तिनं मला लगेच ओळखलं. मी वही उघडून बसले, नाव लिहिलं, वय अंदाजानं लिहिलं. मग नवऱ्याचा रकाना आला. माझ्यानं विचारवेना.

तीच म्हणाली, "लिव ना. तुले येते थे नाव."

मी हळू आवाजात म्हटलं, "मारोती."

तिनं कानामागं हात धरला. "जोरानं सांग वो. मले आता कमी आयकू येते."

तिला ऐकू येत होतं. मी आले तेव्हा अंगणातली माझी हळू हाक तिनं ओसरीवरून लगेच ऐकली होती. मी मोठ्यानं म्हटलं, "मारोती!" ओसरीतली माणसं वळून बघू लागली. तिनं मान डोलावली आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली. जाताना सोल्यांची मूठभर पुडी माझ्या पिशवीत टाकली.

ती गेल्याला आता बरीच वर्षं झाली, बाबाही गेले. विहिरीचं वावर आजही माझ्या धाकट्या भावाच्या पेऱ्यात आहे. हे छापून आल्यावर त्याला मला काही बोलायचं असेल, तर त्यानं बोलावं. कामरगावच्या ओसरीवर ते नाव ऐकणारी माणसं चारच होती, आणि ती त्या दिवशी केनवडला नव्हती. केनवडच्या त्या खोलीतले साहेब, रांगेतल्या बायका, सतरंजीबाहेरची पाठमोरी पगडी, यांतलं कुणी आता हे वाचायला नाही. तरी साहेबांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे राहून गेलं आहे, ते इथं लिहिते.

भागीरथी, बेवा मारोती, राहणार रिठद. होय साहेब, मी हिला ओळखते.